शिक्षक ‘वैयक्तिक कारणांमुळे’ वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेला, तर पालकांनी कुणाला काय विचारायचं?

अबोली

नमस्कार. हा धागा काढावा की नाही, या विचारात तीन आठवडे गेले. शाळेचं, गावाचं, माणसाचं नाव लिहिणार नाही, कृपया कुणी विचारूही नका. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, एवढं पुरे.

लेक दहावीत आहे, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. फेब्रुवारीत एक दिवस शाळेची ईमेल आली की ऑर्केस्ट्राचे सर वैयक्तिक कारणांमुळे शाळा सोडत आहेत, पुढच्या सोमवारपासून बदली शिक्षक येतील. चार ओळी होत्या. मी वाचून सोडून दिली. आठवड्याने गाडीत बसल्यावर लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, सर रात्री मुलींना स्नॅपचॅटवर मेसेज करायचे. एकदोघींना घरीही सोडायचे. सगळ्यांना माहीत होतं." तिला कधी केला होता का, विचारलं. दोनदा, म्हणाली. "आज तू फार छान दिसत होतीस" एवढंच. पण ती पंधरा वर्षांची आणि तो चाळिशीचा.

मी मुख्याध्यापकांना फोन केला. ‘कर्मचाऱ्यांची बाब आहे, बोलता येणार नाही’ एवढंच उत्तर मिळालं. शाळेने जिथे कळवायचं तिथे कळवलंच असेल, असं मी धरून चालले. स्वतः कुठेही फोन केला नाही. आता ऑगस्टमध्ये एका मैत्रिणीकडून कळलं की तोच माणूस तीस मैलांवरच्या गावात एका खाजगी संगीत क्लासमध्ये शिकवतोय. तिची नऊ वर्षांची मुलगी तिथे जाते.

त्या रात्रीपासून कायदा वाचतेय. आपल्या राज्यात २०१८ साली एक कायदा झाला, त्याला सगळे ‘पास द ट्रॅश’ कायदा म्हणतात. एका शाळेने नको असलेला माणूस गुपचूप दुसऱ्या शाळेच्या दारात नेऊन सोडायचा, हे थांबवण्यासाठी तो केला. शाळेत नोकरी मागणाऱ्याने गेल्या २० वर्षांतल्या अशा सगळ्या नोकऱ्या लिहून द्यायच्या जिथे मुलांशी थेट संबंध आला. नव्या शाळेने त्या प्रत्येक ठिकाणी चौकशी करायची आणि जुन्या मालकाने २० दिवसांत उत्तर द्यायचं. बाल अत्याचार किंवा लैंगिक गैरवर्तनाची चौकशी झाली होती का, आणि चौकशी चालू असताना राजीनामा दिला होता का, हे स्पष्ट विचारायचं. ‘तू गुपचूप जा, आम्ही तोंड बंद ठेवतो’ असे करार करायलाही आता मनाई आहे.

माझे प्रश्न दोन. खाजगी क्लासला हा कायदा लागू होतो का? आणि सहा महिने उशिरा कळवलं तर चालतं का?

सई मास्तरीण

अबोली, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते आज रात्रीच कामाचं आहे. चालतं. आत्ता राज्याच्या बाल अत्याचार हॉटलाइनला फोन कर. १-८७७-६५२-२८७३, चोवीस तास चालू असतो. नाव न सांगताही कळवता येतं, पण सांगितलंस तर त्यांना पुढे काही विचारायचं असेल तेव्हा तुला गाठता येतं.

मी न्यू जर्सीत सरकारी मिडल स्कूलमध्ये अकरा वर्षं शिकवते. अनेक राज्यांत कळवण्याची सक्ती शिक्षक, डॉक्टर, नर्स अशा ठरावीक लोकांवर असते. आपल्याकडे ती प्रत्येकावर आहे. शेजारी, आजोबा, क्लासचा मालक, सगळ्यांवर. मुलावर अत्याचार होतोय असं मानायला रास्त कारण असेल तर लगेच कळवायचं. जाणूनबुजून कळवलं नाही तर तो गुन्हा ठरतो. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कायदा कळवणाऱ्याला संरक्षण देतो.

आम्हा शिक्षकांना दरवर्षी एक गोष्ट बजावून सांगतात. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे कळवून झालं, असं नाही. आधी राज्याच्या हॉटलाइनला फोन, मग मुख्याध्यापक. शाळेची स्वतःची चौकशी होईपर्यंत थांबायचं नाही. तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, पण ‘शाळेने कळवलंच असेल’ हे गृहीत धरायची चूक शाळेच्या आतली माणसंही करतात. दहा जण कुजबुजतात आणि दहाही जणांना वाटतं की उरलेल्या नवांपैकी कुणीतरी फोन केला असेल.

फोनवर काय होतं ते सांगते, म्हणजे भीती जाईल. पलीकडचा माणूस शांतपणे विचारतो. मुलांची नावं, वय, तो माणूस कोण, सध्या कुठे आहे, मुलांशी अजून संबंध येतो का. मुलीने सांगितलेले शब्द जसेच्या तसे सांग, आपल्या शब्दांत सजवू नकोस. आणि लेकीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस. ते काम प्रशिक्षित माणसांचं आहे. आपण दहा वेळा विचारलं की मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायला लागतं. शाळेसारख्या घराबाहेरच्या ठिकाणच्या तक्रारींसाठी वेगळं चौकशी पथक आहे, ते पुढे बघतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. २०१८चा कायदा सरकारी शाळा, सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळा, खाजगी शाळा आणि शाळांना माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदारांना लागू आहे. खाजगी संगीत क्लास, गणिताची शिकवणी, नृत्यवर्ग त्यात बसत नाहीत.

डोंगरवाट

पेनसिल्वेनियातून लिहितोय. हे कायदे कुठून आले ते कळलं की त्यातला प्रत्येक प्रश्न का आहे, ते समजतं.

आमच्या राज्यातल्या एका शिक्षकाबद्दल शाळेला संशय होता, पण खटला भरण्याइतका पुरावा जमला नाही. त्याला जाऊ दिलं, वर शिफारसपत्रही दिलं. तो वेस्ट व्हर्जिनियात गेला, तिथे मुख्याध्यापक झाला, आणि १९९७ साली त्याने १२ वर्षांच्या एका मुलाचा अत्याचारानंतर जीव घेतला. एका पत्राने हे घडलं. पॅट टूमी या आमच्या तेव्हाच्या सिनेटरने वॉशिंग्टनमध्ये हा विषय लावून धरला, वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅनचिन त्यांच्या सोबत होते. २०१५च्या केंद्रीय शिक्षण कायद्यात कलम आलं: शाळेच्या एखाद्या माणसाने विद्यार्थ्याशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, त्याला नवी नोकरी मिळवून द्यायला मदत करायची नाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या राज्यांनी तसे नियम करायचे.

पण केंद्राचं कलम मदत करू नका एवढंच म्हणतं. मागच्या मालकाला विचाराच, ही सक्ती राज्यांवर सोडली. म्हणून सगळीकडे सारखं नाही. वॉशिंग्टन राज्याने २००४मध्येच केलं, आमचा कायदा २०१४चा, तुमचा २०१८चा. इलिनॉयमध्ये ‘फेथ्स लॉ’मुळे ही मागची चौकशी २०२३च्या जुलैपासून सुरू झाली. दुसऱ्या राज्यात घर घेताना आपण शाळेचं रेटिंग बघतो, हे कुणी बघत नाही.

पद्माकर

सगळ्यांचा राग समजतो. तरीही लिहितो. माझा धाकटा भाऊ शिक्षक आहे. एका पालकाने रागाच्या भरात त्याच्यावर खोटी तक्रार केली. आठ महिने घरी बसला. शेवटी काही निघालं नाही, पण गावात लोक अजून त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. ‘छान दिसत होतीस’ या एका वाक्यावर हॉटलाइनला फोन? मुलींच्या तोंडून आलेली ऐकीव माहिती २० वर्षं त्याच्या मागे लागणार का?

सई मास्तरीण

पद्माकर, तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. मी स्वतः वर्गात उभी असते, ही भीती मलाही आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या.

कळवणाऱ्याने पुरावा आणायचा नसतो. रास्त संशय पुरतो, खरं-खोटं करायचं काम चौकशीचं. न्यू जर्सीत चौकशीचे निष्कर्ष चार प्रकारचे असतात आणि शेवटचा सरळ ‘निराधार’ असा आहे. २०१८च्या कायद्याचा प्रश्नही तसाच बांधलाय. आरोप खोटे ठरले किंवा सिद्ध झाले नाहीत, तर ती चौकशी उमेदवाराने सांगायची नाही. चौकशी पूर्ण होणं हेच निर्दोष शिक्षकाचं संरक्षण आहे. अर्धवट सोडून राजीनामा घेतला की निर्दोष माणूस कायम संशयात राहतो आणि दोषी माणूस पुढच्या गावी जातो.

आणि ते एक वाक्य सुटं नाही. रात्रीची वेळ, मेसेज आपोआप पुसून टाकणारं ॲप, एकट्या मुलीला गाडीतून सोडणं. हळूहळू कुंपण सरकवत नेण्याची हीच पद्धत असते. मुलीला तोवर वाटतं की सरांना आपण विशेष आवडतो, आणि घरी सांगितलं तर आपलीच चूक ठरेल.

सेंट लुईसकर

मेसेजवरून आठवलं. मिसूरीत २०११ साली ‘एमी हेस्टिर विद्यार्थी संरक्षण कायदा’ झाला. त्यात एक कलम होतं की शिक्षकाने विद्यार्थ्याशी खाजगीत बोलता येईल अशी सोशल मीडियाची सोय वापरायचीच नाही. शिक्षकांची संघटना कोर्टात गेली. अनेक शिक्षकांची स्वतःची मुलं त्याच शाळेत होती, त्यांच्याशीही बोलायचं नाही का? न्यायाधीशांनी कलम लागू होण्याआधीच थांबवलं, आणि विधिमंडळाने ते काढून प्रत्येक डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, स्वतःचं धोरण करायला सांगितलं. बाकीचा कायदा राहिला.

कायदा फार रुंद लिहिला की असा पडतो. पण डिस्ट्रिक्टचं धोरण पालक वाचत नाहीत हेही खरं. आमच्याकडे ते शाळेच्या साइटवर सात क्लिकांच्या आत दडलेलं आहे.

सई मास्तरीण

आपल्याकडेही डिस्ट्रिक्टला असं लेखी धोरण ठेवावंच लागतं. अबोली, तुझ्या डिस्ट्रिक्टचं काढून वाच. त्यात खाजगी ॲपवर विद्यार्थ्यांशी बोलायला मनाई असेल, तर ‘मी फक्त कौतुक केलं’ या बचावाला अर्थच उरत नाही.

ह्यूस्टनचा बाबा

टेक्सासचं सांगतो. इथे शिक्षक आणि त्याच्या शाळेतला विद्यार्थी यांच्यातले लैंगिक संबंध हा स्वतंत्र गुन्हा आहे, विद्यार्थ्याचं वय १८ झालं असलं तरी. दोघांची संमती होती, हा मुद्दाच नाही.

२०१७च्या कायद्यात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे शिक्षकाने राजीनामा दिला तरी अधीक्षकाने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाने, चौकशी पूर्ण करायचीच. त्या कायद्यात मुख्याध्यापकाने अधीक्षकाला सात कामकाजाच्या दिवसांत कळवायचं होतं, अधीक्षकाने राज्याच्या प्रमाणपत्र मंडळाला. लपवण्याच्या हेतूने कळवलं नाही तर अधिकाऱ्यावरच फौजदारी. २०१९मध्ये आणखी एक भोक बुजवलं. शिक्षकाचं प्रमाणपत्र रद्द होतं, पण बसचालकासारख्या अनेक कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रच नसतं, मग रद्द काय करणार? त्यांच्यासाठी ‘कामावर घेऊ नये’ अशा लोकांची राज्याची यादी सुरू झाली. ती कुणीही ऑनलाइन बघू शकतो. मी मुलाच्या प्रत्येक कोचचं नाव बघतो.

आणि तक्रार लेखी द्या, याला एक कारण आहे. ऑस्टिनजवळच्या लागो व्हिस्टाचं प्रकरण १९९८मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. शिक्षकाने विद्यार्थिनीशी संबंध ठेवले होते. त्याआधी काही पालकांनी त्याच्या वर्गातल्या बोलण्याबद्दल मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती, ती वर पोचलीच नाही. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की कारवाईचा अधिकार असलेल्या माणसाला प्रत्यक्ष माहिती असून त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं असेल, तरच टायटल नाइन, म्हणजे शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याखाली डिस्ट्रिक्टकडून भरपाई मागता येईल. तेव्हा मुख्याध्यापकांशी फोनवर बोलून भागत नाही. अधीक्षक आणि टायटल नाइन समन्वयक, दोघांना ईमेल. तारीख घालून.

पिवळा चाफा

कॅलिफोर्नियात शिक्षकांना फोन ताबडतोब आणि लेखी अहवाल ३६ तासांत द्यावा लागतो. पण इथे सक्ती ठरावीक व्यवसायांवरच आहे, न्यू जर्सीसारखी सगळ्यांवर नाही. मला हे आज या धाग्यामुळे कळलं. मी इथे पालक म्हणून शाळेत मदतीला जाते, मुलांना वाचून दाखवते. कायद्याने मला सक्ती असो वा नसो, मी गप्प बसणं बरोबर ठरत नाही.

गोदाकाठ

मी नाशिकहून लिहिते आहे. निवृत्त मुख्याध्यापिका. लेक अमेरिकेत असते, तिने या धाग्याची लिंक पाठवली.

तुम्हा मुलांना वाटत असेल की असे कायदे तिकडेच आहेत. आपल्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे २०१२च्या कायद्यात, कलम १९ प्रत्येक माणसावर कळवण्याची जबाबदारी टाकतं. न कळवणाऱ्याला कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. बदलापूरला २०२४च्या ऑगस्टमध्ये चार वर्षांच्या दोन मुलींचं जे झालं, त्यात आरोपी शाळेचा सफाई कर्मचारी होता. पण लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले ते शाळेने आणि पोलिसांनी लावलेल्या वेळामुळेसुद्धा. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका व विश्वस्तांवर न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला.

आता माझं सांगते. ते पेनसिल्वेनियातलं शिफारसपत्र वाचलं आणि रात्रभर झोप नाही. १९९४ साली मी ज्या शाळेत होते, तिथे एका शिक्षकाबद्दल सातवीतल्या दोन मुलींच्या आया माझ्याकडे आल्या. पदराने तोंड पुसत होत्या. म्हणाल्या, बाई, आमचं नाव कुठे येऊ देऊ नका, पोरींची लग्नं व्हायची आहेत. संस्थाचालकांनी त्याला बोलावून राजीनामा घेतला. शाळेचं नाव राहिलं, मुलींचंही राहिलं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. पंधरा दिवसांनी तो अनुभवाचा दाखला मागायला आला. दाखल्यावर ‘वर्तणूक समाधानकारक’ हे छापलेलंच असतं. मी खाली सही केली. तो दुसऱ्या तालुक्यात आश्रमशाळेत लागला, एवढं मला नंतर कळलं. पुढचं मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तेव्हा पॉक्सो नव्हता. पण पेन माझ्याच हातात होतं.

अबोली

काकू, तुम्ही लिहिलंत त्यासाठी खूप धैर्य लागतं. वाचून बराच वेळ मी नुसती बसून राहिले. मीही तेच करत होते, फक्त माझ्याकडे सही करायला कागद नव्हता.

रविवारची शाळा

मी आमच्या भागातल्या मराठी शाळेत स्वयंसेवक आहे. अबोलीचा पहिला प्रश्न वाचल्यापासून डोक्यात एकच चाललंय. सईताई म्हणतात तसा २०१८चा कायदा आपल्या रविवारच्या शाळांना लागू नाही. ढोलपथकाला नाही, गणपतीच्या नाटकाच्या तालमींना नाही, एखाद्या काकांच्या तळघरातल्या तबल्याच्या क्लासला नाही. नवीन कुणी आलं की आपण विचारतो, गाव कुठलं, कुणाचे कोण. ओळखीचा निघाला की त्याच्या हातात वीस मुलं देतो. ज्याला शाळेचं दार बंद झालंय, त्याला आपलं दार सगळ्यात सोपं आहे.

परवा समितीत विषय मांडला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आपल्या लोकांत असं विचारणं बरं दिसत नाही, माणसं दुखावतील. खूप वेळ चर्चा झाली. शेवटी कायद्यातलेच प्रश्न उचलून एक पानी फॉर्म केला. आधी मुलांबरोबर कुठे काम केलंत, तिथल्या कुणाशी आम्ही बोलू शकतो, चौकशी चालू असताना कुठलं काम सोडलंत का. त्या ज्येष्ठ सभासदांनी पहिला फॉर्म स्वतः भरून दिला. शिवाय कुठल्याही वर्गात एका मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल ठेवायचं नाही आणि मुलांना थेट मेसेज करायचा नाही, पालक असलेल्या गटातच लिहायचं. हवा असेल त्यांनी फॉर्म मागा, पाठवतो.

पद्माकर

मला पाठवा. आमच्या मंडळात बालवर्गाचं काम माझ्याकडे आहे. भावालाही हा धागा दाखवला. तो म्हणाला, असे प्रश्न मला विचारले तर मी दोन मिनिटांत उत्तर देईन.

अबोली

कळवते म्हणाले होते, म्हणून.

मंगळवारी रात्री हॉटलाइनला फोन केला. सत्तावीस मिनिटं. पलीकडच्या बाईंनी एकदाही विचारलं नाही की इतके दिवस काय करत होतात. फोनआधी लेकीला सांगितलं की मी कळवणार आहे. ती आधी चिडली, मैत्रिणी माझ्याशी बोलणार नाहीत म्हणाली. मग स्वतःच मोबाइल घेऊन आली. मेसेज पुसले गेले होते, पण तिने तेव्हा एकाचा फोटो काढून ठेवला होता. फेब्रुवारीपासून तिच्याकडे होता. मी विचारलंच नव्हतं.

बुधवारी अधीक्षक आणि टायटल नाइन समन्वयकांना ईमेल केली. ह्यूस्टनच्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे तारखा घालून. तीन प्रश्न विचारले: राज्याला कळवलं होतं का, राजीनाम्यानंतर चौकशी पूर्ण केली का, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या राज्याच्या मंडळाला कळवलं का. पोच आली आहे, उत्तर नाही. दहा दिवसांनी पुन्हा लिहिणार आहे. लेकीच्या वर्गातल्या दोन मुलींच्या आयांशीही बोलले. एक गुजराती, एक कोरियन. त्यातल्या एकीने त्याच रात्री फोन केला.

क्लासवाल्या मैत्रिणीशी बोलताना मी आरोप केले नाहीत, मला जे प्रत्यक्ष माहीत आहे तेवढंच सांगितलं. तिने मुलीला काढलं नाही अजून, पण या शनिवारी ती तासभर क्लासमध्येच बसून होती.

रविवारची शाळा, फॉर्म मलाही पाठवा.